शेवटचा पाव फेरा

चौथा स्क्रू. पहिले तीन मुकाट्यानं बसले, म्हणून तू जरा सैलावली आहेस.

टेबलावर पस्तिशीचा माणूस आहे. मोटरसायकलवरून पडला, डाव्या गालाचं हाड आत दबलं आणि चेहऱ्याची ती बाजू चपटी झाली. वरचा ओठ उचलून, दाढांच्या वर आतूनच चीर दिली आहे, म्हणजे बाहेर चेहऱ्यावर व्रण नको. सरांनी हाडाखाली हत्यार घालून हिसका दिला तेव्हा ते 'खट्' करून जागेवर आलं. तो आवाज ओटीतल्या सगळ्यांना आवडला, दाराशी उभ्या असलेल्या मामांनासुद्धा. आता हाड तिथंच धरून ठेवायचं. त्यासाठी एल आकाराची टायटॅनियमची पट्टी आणि तिच्या चार भोकांत चार स्क्रू. स्क्रूची जाडी २ मिलिमीटर, लांबी ६ मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू. खाली पडली की सिस्टर आधी फरशीकडे बघते आणि मग तुझ्याकडे.

सिस्टरनं सलाइनची धार धरली, तू दीड मिलिमीटरच्या ड्रिलनं भोक पाडलंस. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला स्क्रू चिकटून आला. मागची गोल टोपी तळहाताच्या खळग्यात, दांडा बोटांत. वळव. अजून वळव. स्क्रूचं डोकं पट्टीला टेकलं.

"टू फिंगर टाइट," सर म्हणतात.

हे वाक्य तू पहिल्या वर्षापासून ऐकते आहेस. दोन बोटांनी जेवढं पिळता येईल तेवढंच पिळायचं. पण दोन बोटं कुणाची? सरांची, तुझी, की कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षं लेथ चालवणाऱ्या तुझ्या काकांची? काकांच्या दोन बोटांत तुझं अख्खं मनगट मावतं. सुट्टीत तू त्यांच्या शेडमध्ये बसायचीस तेव्हा ते सांगायचे, "आटा चढताना हाताशी बोलतोय बघ. त्यो बोलायचा थांबला की तू बी थांब."

तुझा हात थांबत नाही. हा स्क्रू पहिल्या तिघांपेक्षा जरा सैल आहे, असं तुला वाटतं. मनगटातून पाव फेरा आणखी.

आणि हाड सोडतं. आवाज नाही, काही नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट होता होता अचानक आट्यावरून सरकावं, तसं. हातात आता नुसतं फिरणं उरलं आहे.

"फिरतोय ना?" सर वर न बघता विचारतात. तू मान हलवतेस. "काढ."

काढायला डावीकडे फिरवावं लागतं. एक फेरा. दोन. मास्कमुळे तुझं तोंड कुणाला दिसत नाही, तेवढंच बरं. तिसऱ्या फेऱ्याला मॉनिटरची टिकटिक लांब जाते, एसीची घरघर बंद पडते. घाबरू नकोस. मी बरोबर आहे, आणि तिकडे आपण दोघंही कुणाला दिसणार नाही.

समोर टेबलावर एक जबडा आहे. हाडाचा नव्हे, पारदर्शक राळेचा. तू फ्रान्सच्या पूर्व टोकाला, स्ट्रासबुर्गमध्ये आहेस. १९७० च्या दशकाची मधली वर्षं. जबड्यावर भार टाकला जातोय आणि ध्रुवीकृत प्रकाशात त्याच्या अंगात रंगीत पट्टे उमटताहेत; पावसाळ्यात रस्त्यावर पेट्रोल सांडल्यावर दिसतात ना, तसे. पट्टे दाटतात तिथे ताण जास्त. मॅक्सिम शांपी आणि त्यांचे सहकारी जे शोधताहेत ते इतकं साधं आहे की आधी कुणाला कसं सुचलं नाही असं वाटावं. चावताना मोडलेल्या खालच्या जबड्याची वरची कड फाकते आणि खालची कड दाबली जाते. फाकणारी बाजू धरली की दाबली जाणारी आपोआप मिटते. म्हणजे जाडजूड पट्टीची गरजच नाही. दाढांच्या मागे एक बारीक पट्टी पुरते. हनुवटीच्या भागात जबडा पिळलाही जातो, म्हणून तिथे दोन.

अडचण एकच. त्या वरच्या कडेला दातांची मुळं आहेत, आणि त्यांच्या खालून खालच्या ओठाला संवेदना देणारी नस जाते. आरपार स्क्रू घातला तर एक तरी गोष्ट बिघडणार. म्हणून स्क्रू आखूड केला, फक्त बाहेरच्या कठीण थरात रुतेल एवढाच.

इथे जरा थांब. पुस्तकात हे पान तू वाचलं आहेस, परीक्षेत आकृतीही काढली आहेस. याआधी, १९६८ मध्ये, जर्मनीत हान्स लुर यांनी जबड्यासाठी दाब देणारी पट्टी आणली होती. तसले स्क्रू हाडाच्या आतल्या-बाहेरच्या दोन्ही भिंतींत आटे रोवायचे. १९७३ मध्ये बोर्दोच्या मिशेले यांनी बारीक पट्ट्यांची वाट दाखवली आणि स्ट्रासबुर्गनं तिला गणित दिलं. रुग्णाच्या दृष्टीनं हे केवढं सुख! त्याआधी जबडा मोडला की वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकायचे, पाच-सहा आठवडे. पातळ अन्न, तेही दातांच्या फटीतून, आणि उशाशी तार कापायची कातर. रात्री उलटी झाली तर तारा कापून तोंड उघडता आलं पाहिजे. ते सगळं टळलं.

सर्जनच्या हाताचं मात्र काय झालं? दोन भिंतींत रुतणारा स्क्रू एका भिंतीत आला. जेवढी पकड गेली तेवढीच चूक पचवायची जागाही गेली. पट्टी नाजूक, स्क्रू नाजूक, हाडाचा थर पातळ आणि हात तोच. मला विचारशील तर तुझा चौथा स्क्रू आज ओटीत फिरला, त्याची सुरुवात या सुंदर रंगीत जबड्यात आहे.

डावीकडे आणखी एक फेरा.

बर्फ. १९६० चा डिसेंबर, स्वित्झर्लंडमधलं दावोस. कधीकाळी क्षयाचे रोगी हवापालटासाठी इथे यायचे. आता एका खोलीत नावाजलेले सर्जन बाकाशी उभे आहेत आणि प्रत्येकासमोर पकडीत आवळलेलं हाड आहे. एओ या संघटनेचा हा पहिला अभ्यासक्रम. दोन वर्षांपूर्वी, ६ नोव्हेंबर १९५८ ला, बील गावात तेरा स्विस सर्जनांनी ती काढली. मोडलेलं हाड प्लास्टरमध्ये बांधून वाट बघायची नाही, पट्टी-स्क्रूनं पक्कं धरायचं आणि रुग्णाला लगेच हलतं करायचं, हा त्यांचा आग्रह. त्यांच्यातले मॉरिस म्युलर १ मार्च १९५० ला ब्रसेल्समध्ये सर्जन रोबेर दानिस यांचं काम बघायला एक दिवस गेले होते, आणि तो दिवस त्यांना आयुष्यभर पुरला.

तुला काकांची आठवण येणार ती मात्र रॉबर्ट माथिस यांच्यामुळे. बेटलाख गावचा हा यंत्रकार. छोटा कारखाना, पोलादाचे खास भाग बनवण्यात हातखंडा. म्युलर त्यांच्याकडे गेले आणि सर्जनच्या मनातली हत्यारं लेथवर उतरू लागली. स्क्रूच्या जाडीला ड्रिल ठरलेलं, खोली मोजायला मोजपट्टी ठरलेली, भोकाच्या भिंतीत आटे पाडायला टॅप ठरलेला. भोक पाड, मोज, आटे मार, स्क्रू घाल: यातली एकही पायरी चुकवायची नाही. ज्या धंद्यात प्रत्येक सर्जन आपल्या मर्जीचा राजा होता, तिथे ही शिस्त आणायला धमक लागते.

बाकाभोवती फिरून बघ. शेजारी-शेजारी दोघं एकाच जातीचा स्क्रू, एकाच मापाच्या भोकात घालताहेत. एक जण डोकं टेकल्यावर थांबतो. दुसरा दात आवळून अजून पिळतो, त्याच्या मानेच्या शिरा ताठतात. दोघांनाही आपलं काम झाल्याचं समाधान आहे. सगळं मोजलं या लोकांनी, एक मनगट सोडून.

पुढचा फेरा लांबचा आहे. नाकाला धूर झोंबला म्हणजे पोचलो समज.

पिट्सबर्ग, १९१२. भट्ट्यांमुळे इथे रात्रसुद्धा तांबडी असते. कार्नेगी स्टील कंपनीचे मुख्य सर्जन विल्यम ओ'नील शर्मन यांच्यापुढे मोडक्या हातापायांच्या कामगारांची रांग कधी संपत नाही. त्यांच्याकडे लंडनहून आलेल्या पद्धतीच्या पट्ट्या आहेत, आणि त्या हाडात मोडतात. शर्मन पोलादाच्या गावात राहतात. मोडलेल्या पट्टीकडे ते डॉक्टरच्या नजरेनं कमी आणि इंजिनिअरच्या नजरेनं जास्त बघतात. ते व्हॅनेडियमचं पोलाद निवडतात. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत वापरलं गेलं ते हेच. पट्टीचा आकार बदलतात. आणि मग स्क्रूकडे वळतात.

तोवर हाडात जायचा तो सुताराचा स्क्रू. निमुळता. लाकडाचे धागे बाजूला सारत, दाबत तो आत घुसतो आणि लाकूड त्याला मिठी मारतं. हाड मिठी मारत नाही. ते जागा देत नाही. फार दाबलं तर तडकतं. काका असते तर त्यांनी हे एका वाक्यात निकालात काढलं असतं: लाकडाला लाकडाचा स्क्रू, लोखंडाला आट्याचा, आणि हाड लोखंडाच्या जवळचं. शर्मन यांनी तेच केलं. अंग सरळ ठेवलं, आटे यंत्राच्या स्क्रूसारखे घेतले आणि टोकाला धार ठेवली, म्हणजे आत जाताना स्क्रू स्वतःचे आटे स्वतः कापत जाईल. तुझ्या हातातला तांदळाचा दाणाही आपले आटे आपणच कापतो. तो त्यांचाच वंशज.

त्या दाण्याचं अंतरंग इथेच समजून घे, पुढे वेळ मिळणार नाही. स्क्रू हाडाला चिकटत नाही. डोकं पट्टीला टेकल्यानंतर तू पिळतेस तेव्हा तो किंचित ताणला जातो, आणि त्या ताणानं पट्टीला हाडावर दाबून धरतो. जेवढं पिळशील तेवढा दाब वाढतो, पण एका टोकापर्यंतच. त्यानंतर हाडात कापलेले आटे एकामागून एक कातरले जातात आणि दाब उतरतो. पातळ हाडात स्क्रूचे जेमतेम एक-दोन आटे रुतलेले असतात, त्यामुळे डोकं टेकणं आणि आटे जाणं यांच्यामध्ये फेऱ्याचा लहानसा तुकडाच उरतो. पाव म्हण. खालच्या जबड्याच्या दणकट हाडात उलटं होऊ शकतं: हाड टिकतं आणि बारीक स्क्रूच मानेतून तुटतो. मग तुटलेलं टोक हाडात आणि शब्द सरांच्या तोंडात.

लंडनमध्ये फार रेंगाळायला नको. गाय्ज हॉस्पिटल, विसाव्या शतकाची पहिली वर्षं. सर विल्यम आर्बथनॉट लेन लांब दांड्यांच्या हत्यारांनी पट्टी बसवताहेत. जखमेत बोट घालायचं नाही, हाडाला लागणाऱ्या वस्तूच्या टोकाला हात लावायचा नाही, हा त्यांचा दंडक. जंतूंची भीती खरी होती आणि त्यांचे निकाल त्या कडक सोवळ्यामुळे चांगले आले. पण बोटाला जे कळायचं ते आता पोलादाच्या लांबलचक दांड्यातून प्रवास करून येऊ लागलं. हाताचा अंदाज आपण हाडापासून पहिल्यांदा इथे लांब नेला असेल, असं मला वाटतं. पुरावा मागू नकोस.

१९०१, लील. इथला वास तुला शवविच्छेदनाच्या हॉलवरून ओळखीचा. रने ल फोर शवांच्या चेहऱ्यांवर आघात करून, मग मांस काढून कवट्या तपासताहेत. तुझ्या सगळ्या पुस्तकांत तीन रेघा आहेत, ल फोर एक, दोन, तीन, त्या इथल्या. चेहरा कुठेही मारला तरी वाटेल तसा फुटत नाही, ठरावीक रेघांवरून सुटतो. कारण चेहरा म्हणजे भक्कम दगड नाही. खांबांवर उभा असलेला पातळ भिंतींचा वाडा आहे. नाकाच्या कडेनं एक खांब, गालाच्या हाडाखाली एक, मागे एक. मधे पोकळ्या, आणि पोकळ्यांच्या भिंती अंड्याच्या टरफलासारख्या. मागून उजेड धरला तर हाडातून झिरपून येतो. एक कवटी उचल. गालाखालच्या खांबावर बोट ठेव. आता दोन-तीन मिलिमीटर नाकाकडे सरक. कळलं? हे लक्षात ठेव, परत गेल्यावर लागेल.

हॅम्बुर्ग, १८८६. कार्ल हान्समान यांच्या पट्टीचं एक टोक आणि स्क्रूंचे लांब दांडे त्वचेतून बाहेर आलेले आहेत. हाड जुळलं की चीर न घालता बाहेरूनच काढून घेता यावेत म्हणून. बघायला भयंकर. पण पट्टी आणि स्क्रूंनी मोडलेलं हाड धरल्याचं छापील वर्णन इथून सुरू होतं.

आणखी मागे गेलो तर पुण्याच्या कावसजीचं, कातडीनं नव्यानं घडवलेलं नाक लागेल, १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये गाजलेलं. आपल्याकडे चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेवर भाषण करायचं तर ते लागतंच. पण त्यात कातडी आहे, स्क्रू नाही. परत फिरू.

उजवीकडे. घट्ट करायच्या दिशेनं, पण हळू.

दावोस पुन्हा, आता २०२०. बाकाऐवजी संगणक. इथल्या संशोधन संस्थेतले लोक धरून एका गटानं जुने अभ्यास चाळले: सर्जन स्क्रू किती घट्ट करतात, आणि किती वेळा आटे घालवतात? बारा अभ्यास हाती लागले, २६० सर्जन, २,७९३ स्क्रू. चेहऱ्याच्या नव्हे, अस्थिरोगवाल्यांच्या जगातले हे स्क्रू. पण मनगट मनगटच असतं.

आकडा हळू वाच. सरासरी २६ टक्के स्क्रूंनी हाडातले किंवा नमुन्यातले आटे कायमचे घालवले. शंभरात सव्वीस! आणि ही सगळी शिकाऊ पोरं नव्हती. माणसामाणसांतला फरक तर चक्रावून टाकणारा. काहींच्या हातून नव्वद टक्क्यांहून जास्त भोकांची वाट लागली, काहींच्या हातून जवळपास एकाचीही नाही. ज्यांच्या स्क्रूंचा घट्टपणा मोजला होता, त्यांनी कठीण हाडात आटे सुटायच्या मर्यादेच्या सरासरी ७८ टक्क्यांपर्यंत पिळलं होतं. ऐकायला ठीक वाटतं. पण सरासरी ही गोड बोलणारी बाई आहे. एक जण साठवर थांबतो, दुसरा शंभराच्या पलीकडे जातो, आणि कागदावर दोघं मिळून शहाणे दिसतात.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. आटे गेले हे बहुतेकांना कळत नव्हतं. स्क्रू मोकळा फिरायला लागला की कुणालाही कळेल, तुलाही आज कळलं. पण त्याच्या आधी एक टप्पा असतो. हाड आतून सुटायला लागलेलं असतं, हाताला मात्र अजून घट्टच लागतं. तिथे थांबलेला सर्जन समाधानानं पुढच्या स्क्रूकडे वळतो. एक्स-रेत तो स्क्रू सुरेख दिसतो. काही आठवड्यांनी पट्टी हलते, तिच्याभोवती पू धरतो, आणि आपण रुग्णाला विचारतो की तोंड नीट धूत होतात ना.

म्हणून तुझे आजचे पहिले तीन स्क्रू 'मुकाट्यानं बसले' असं मी सुरुवातीला म्हटलं, त्यावरून ते नीट बसले असं समजू नकोस. मुकाट्यानं बसले, एवढंच आपल्याला माहीत आहे.

एका खोलीत अजून डोकावू. स्क्रूड्रायव्हरला मोजमापाचा सेन्सर जोडला आहे आणि प्लास्टिकच्या ठोकळ्यात ओळीनं भोकं आहेत. तू दहा स्क्रू घाल, तुझ्या सीनिअरला दहा घालू दे. पडद्यावर दोघींचे दहा-दहा ठिपके उमटतील. सातत्य म्हणतात ते या ठिपक्यांत दिसतं: एकीचे एका मुठीत मावतात, दुसरीचे अंगणभर सांडतात. पण मुठीत मावणारे ठिपके बरोबर जागी आहेत, असं कशावरून? माझ्या ओळखीच्या एका घरात रोज आमटी खारट होते. रोज तेवढीच खारट, चिमूटभर इकडे-तिकडे नाही. घरच्यांना ती बरोबर वाटते, कारण दुसरी चाखलेलीच नाही. अनुभवानं हात एकसारखा होतो. तो बरोबर व्हायला कुणीतरी 'मीठ जास्त आहे' म्हणावं लागतं. ओटीत असं कोण म्हणणार? हाड तर बोलत नाही, आणि बोलतं तेव्हा उशीर झालेला असतो.

मग यंत्र का नाही वापरत, हा प्रश्न तुला पडलाच असेल. तुझ्याच कॉलेजात, एक मजला खाली, इम्प्लांटच्या खुर्चीवर यंत्र आहे. रॅचेटवर आकडे कोरलेले आहेत. कृत्रिम दाताच्या आतला स्क्रू ३५ न्यूटन-सेंटिमीटरला घट्ट करायचा म्हटलं की तेवढ्यालाच थांबायचं; पहिल्या वर्षाचा पोरगाही चुकत नाही. तिथे धातूत धातू बसतो, म्हणून कंपनी आकडा देऊ शकते. हातापायांच्या लॉकिंग पट्ट्यांतही स्क्रूचं डोकं पट्टीच्या आट्यात अडकतं, म्हणून तिथे मर्यादेला 'कट्' करून सुटणारी मूठ चालते, ३.५ मिलिमीटरच्या स्क्रूला दीड न्यूटन-मीटर. साध्या स्क्रूचं लग्न हाडाशी लागलेलं असतं. विशीतल्या पैलवानाचा जबडा आणि सत्तरीतल्या, दात गेलेल्या आजींचा जबडा यांना एकच आकडा लावला तर एकीकडे स्क्रू सैल राहील, दुसरीकडे हाड फुटेल. एकाच चेहऱ्यात खांबावर एक उत्तर आणि बोटभर बाजूला दुसरं. आकडा मिळाला तरी तो त्या भोकापुरताच खरा.

तेव्हा मूठ हातातच राहणार आहे, निदान तुझ्या उमेदीच्या काळात. पण हाताला चव शिकवता येते. मी शिकत होतो तेव्हा एका मोठ्या इस्पितळात रात्री अडीच वाजता माझ्या हातून एका पोराच्या जबड्यात लागोपाठ दोन स्क्रू फिरले. वरिष्ठांनी हातावर फटका दिला आणि पुढचे सगळे स्वतः घातले. हात दुखला. बाकी त्यातून मला काहीही कळलं नाही. कळलं ते पुढे, मटणवाल्याकडून आणलेल्या बकऱ्याच्या जबड्यावर. तिथे मी मुद्दाम आटे घालवले. एक, दोन, दहा, वीस. डोकं टेकल्यापासून सुटेपर्यंत हाताला काय-काय लागतं ते मोठ्यानं बोलत गेलो: घट्ट, घट्ट, जड, जड... आणि मग एक क्षण, जिथे पीळ वाढतो पण जडपणा वाढत नाही. काका म्हणतात ते बोलणं थांबणं हेच. तो क्षण जिवंत माणसात शिकायचा नसतो. तुझ्या विभागात सेन्सर नसेल. बकऱ्याचा जबडा मात्र रविवारी कुठेही मिळतो. ज्युनिअर आली की तिला 'टू फिंगर टाइट' सांगण्याआधी दहा भोकं बिघडवायला दे.

शेवटचा फेरा. एसीची घरघर परत येते, मॉनिटरची टिकटिक जवळ येते.

स्क्रू तुझ्या हातात आहे, बाहेर काढलेला. आट्यांच्या खाचांत पांढरा भुसा. सर आता वर बघतात.

"भोक कुठे पाडलंयस बघ."

तू बघतेस. खांब सोडून दोन-तीन मिलिमीटर नाकाकडे. लीलच्या कवटीत उजेड झिरपत होता तिथे. पाव फेरा जास्त झाला हे खरंच, पण त्या टरफलात पाव फेऱ्याची जागाच नव्हती. चूक मनगटाआधी ड्रिलनं केली होती. पट्टी वाकवताना तिचं एक टोक जरा आत गेलं, तेव्हाच.

"सिस्टर, इमर्जन्सी स्क्रू," सर म्हणतात. २.३ मिलिमीटरचा. मोठ्या अंगाचा स्क्रू त्याच भोकात नवी भिंत शोधतो. हा शेवटचा डाव. हा फिरला तर पट्टी सोडवून दुसरी जागा बघावी लागेल.

टोपी तळहातात. दांडा बोटांत. तू या वेळी कोपर टेबलाला टेकवतेस, म्हणजे खांद्याचं बळ खाली यायला नको. वळव. डोकं टेकलं. घट्ट. जड. तू थांबतेस. सैल वाटतोय का? वाटतोय. तू तरीही थांबलेलीच राहतेस.

सर हत्याराच्या टोकानं पट्टी हलवून बघतात. हलत नाही.

"बंद कर," ते म्हणतात आणि ग्लोव्ह्ज काढायला लागतात.

बाहेर येऊन ऑपरेशन नोट तूच लिहितेस. टायटॅनियम पट्टी, एल, चार भोकांची, एक. स्क्रू २ × ६, तीन. स्क्रू २.३ × ६, एक. वाया गेलेला, एक. तो स्टॉकच्या वहीतही लिहावा लागतो, नाहीतर स्टोअरवाले हिशेब विचारतात. जाडी, लांबी, संख्या, धातू, कंपनी, बॅच नंबर, सगळ्याला रकाना आहे. किती घट्ट, याला नाही.